तापल्यावरच बघायचं

तापल्यावर बंद पडणारी गाडी गॅरेजात कधी बंद पडत नाही. टेम्पोत घालून नेईपर्यंत ती निवते. मेकॅनिक सेल्फ मारतो, पहिल्याच झटक्यात चालू होते, आणि तो आपल्याकडे अशा नजरेनं बघतो की आपणच काहीतरी बनवून सांगतोय असं वाटावं. मग दोन-तीनदा रेस दिली जाते, ‘कार्बोरेटर साफ करून देतो’ असं ठरतं, बिल होतं, आणि शनिवारी दुपारी ऐन गर्दीत तीच गाडी त्याच वाळूत पुन्हा उभी.

माझा भाचा अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर एटीव्ही भाड्यानं देतो. नागावला, काशीदला गेलेल्यांनी पाहिल्या असतील: चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखं हँडल आणि अंगठ्यानं दाबायची रेस. मुंबई-पुण्याची मंडळी त्यांना क्वाड बाईक म्हणतात, आमच्याकडे नुसती ‘एटीव्ही’. किनाऱ्यावर त्या पळवाव्यात का, हा वेगळा वाद आहे. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर अशा ठिकाणी, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला वर येतात, तिथे तरी माझं मत स्वच्छ ‘नको’ असं आहे. हे मी भाच्याला ऐकवलंय. ‘मामा, इथे कासवं येत नाहीत, तुम्ही गाडी बघा,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मी गाडी बघतो, कारण आयुष्य कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये गेलं. पंप, कॉम्प्रेसर, मोटारी. निवृत्तीनंतर घरातले पंखे आणि मिक्सर संपले की माणूस नातेवाइकांच्या गाड्यांकडे वळतो.

या गाडीचा जन्म थंडीतला आहे, हे ऐकून भाच्याला मजा वाटली होती. अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकली खपत नसत, म्हणून तिथल्या विक्रेत्यांना थंडीत विकता येईल असं काहीतरी हवं होतं. होंडाच्या ओसामू ताकेउची या इंजिनिअरनं त्यावर तीन फुग्यासारख्या टायरांची एक छोटी गाडी काढली. १९७० साली ती यूएस ९० या नावानं बाजारात आली आणि पुढे एटीसी ९० म्हणून ओळखली गेली. बर्फावर, चिखलावर रुतू नये म्हणून तिच्या टायरांत हवा अगदी कमी ठेवायची. तीनचाकी असल्यामुळे ती वळणावर उलटायची, माणसं जखमी व्हायची, मरायची. शेवटी १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांना नव्या तीनचाकी विकणं थांबवावं लागलं. तोवर सुझुकीनं १९८२ मध्ये चार चाकांची क्वाडरनर आणलेलीच होती. आज आपण बघतो ती एटीव्ही त्या चारचाकी घराण्यातली. सांगायचा मुद्दा एवढाच की बर्फाच्या हंगामासाठी सुचलेली वस्तू आपण कोकणात मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, भुसभुशीत वाळूत, मागे वजनदार काका बसवून चालवतो.

इंजिनाच्या दृष्टीनं याचा अर्थ काय होतो बघा. लहान एटीव्हीचं इंजिन हवेवर थंड होतं. सिलिंडरभोवती ॲल्युमिनियमचे पाते असतात आणि त्यांवरून वारा गेला तरच उष्णता जाते. मोटारसायकल रस्त्यावर पन्नासच्या वेगानं जाते, वारा आपोआप मिळतो. वाळूत ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सायकलच्या वेगानं जाते, इंजिन मात्र वरच्या रेसमध्ये ओरडत असतं. काम जास्त, वारा कमी. मध्येच थांबून फोटो काढायचा असतो, तेव्हा इंजिन चालूच ठेवतात. मोठ्या गाड्यांत रेडिएटर आणि पंखा असतो. तिथे पहिल्यांदा बघायचं ते पंखा फिरतोय का आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय का. तो चिखल काढताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा जवळून मारला तर जाळीच्या पात्या वाकतात आणि होता तो वाराही बंद होतो. भाच्याच्या ज्या गाडीची ही गोष्ट आहे तिला रेडिएटरच नव्हता, म्हणून तो अध्याय इथेच सोडतो.

तर तिची तक्रार अशी. सकाळी उत्तम. ऊन चढलं, दोन-चार गिऱ्हाइकं फिरून आली की रेस सोडल्याबरोबर मरायची. अर्धा तास नारळाखाली उभी केली की पुन्हा जणू काही झालंच नाही.

गॅरेजवाला माणूस चांगला. हे आडवं इंजिन बघून त्याला परकं वाटलं नाही, कारण अशी बरीचशी लहान चिनी इंजिनं होंडाच्या १९५८ च्या कबच्या घराण्यातलीच आहेत, आणि आपली सीडी १०० किंवा स्प्लेंडर ही त्याच घराण्यातली चुलत भावंडं. त्यानं आधी प्लग बदलला. मग कार्बोरेटर उतरवून जेट, म्हणजे त्यातली पेट्रोलची बारीक भोकं, फुंकले. मग कॉइल बदलली. मग सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारी इलेक्ट्रॉनिक डबी. शेवटी आयडलिंगचा, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन किती फेऱ्यांनी चालावं हे ठरवणारा, स्क्रू थोडा आत घेऊन रेस वाढवून दिली. या शेवटच्या उपायानं गाडी एक आठवडा बरी चालली, आणि मला पहिला धागा मिळाला तो तिथे.

त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गाडी बंद पडायला भर उन्हात तासभर वाळूत फिरवायला हवी, आणि हंगामात त्याच्या दारात स्कूटरींची रांग. जे पार्ट बहुतेक वेळा जातात ते बदलून बघणं ही त्याच्या वेळेची किंमत झाली. फक्त ती किंमत भाचा भरत होता.

चहाच्या टपरीवर निदानांना तोटा नव्हता. सगळ्यांत लोकप्रिय निदान ‘ते नवीन पेट्रोल’. वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं, आणि तेव्हापासून गावात कुठलीही गाडी खोकली तरी दोष इथेनॉलचा. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, समुद्राकाठी तर जास्तच, आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर त्याला टिकत नाहीत. पण तेच पेट्रोल भाच्याच्या बाकीच्या गाड्या पीत होत्या आणि त्या बिनबोभाट चालत होत्या. एकाच टाकीतून सगळे जेवतात आणि एकालाच बाधतं, तर आधी त्या एकाचं पोट तपासावं.

पेट्रोल तापून वाफ होणं हा प्रकार मात्र खरा आहे. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण, त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आतच उकळू लागतात. चालू गाडीत कार्बोरेटरला सतत ताजं, गार पेट्रोल मिळतं. खरा घोटाळा गाडी बंद केल्यानंतर होतो. वारा थांबतो, तेल फिरायचं थांबतं, आणि इंजिनात साठलेली उष्णता बाहेरच्या अंगाला पसरते. त्यामुळे बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी कार्बोरेटर चालू असतानापेक्षा जास्त गरम असतो. म्हणून ‘चालता चालता मरते’ आणि ‘बंद केली की चालू होत नाही’ या दोन तक्रारी एक नव्हेत. गिऱ्हाईक दोन्हींना ‘तापली की बंद’ म्हणतं. मी भाच्याला आधी हेच विचारलं होतं. चालता चालताच मरते, तो म्हणाला, आणि तीही रेस सोडली की.

तिसरा एक प्रकार आहे, ज्यात उष्णतेचा काहीच संबंध नसतो. भाच्याच्याच दुसऱ्या एका गाडीत तो सापडला होता. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल खाली जाईल तशी हवा आत यावी म्हणून. त्यात मीठ आणि वाळू बसली. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चाले, मग टाकीत निर्वात झाल्यासारखं होऊन पेट्रोल उतरायचं थांबे. तेवढ्या वेळात इंजिनही तापलेलं असे, म्हणून आळ उष्णतेवर. झाकण सैल केलं की ‘स्स्स’ आवाज येई आणि गाडी लगेच चालू. वेळ आणि ताप बरोबरच वाढत असतात, त्यामुळे दोघांतला गुन्हेगार कोण हे वेगळं काढावं लागतं. सोपा उपाय म्हणजे गाडी बंद पडल्यावर निवायची वाट न बघता झाकण उघडायचं. गाडी तितकीच गरम असूनही चालू झाली, तर ताप निर्दोष.

तर आपल्या मूळ गाडीकडे. मी भाच्याला सांगितलं, गॅरेजात न्यायची नाही. जिथे मरेल तिथेच बघू. एका दुपारी टोपी घालून त्याच्या मागे बसलो. खिशात एक जादा प्लग, एक स्क्रू ड्रायव्हर, काचेची छोटी बाटली. या वयात वाळूत एटीव्हीवर मागे बसणं ही फार शोभेची गोष्ट नाही. ओळखीच्या दोघा-तिघांनी हात केला, मीही केला.

सुरुच्या बनापासून खाडीच्या तोंडापर्यंत दोन-तीन फेऱ्या झाल्या. ओल्या वाळूवर गाडी मजेत होती, कोरड्या वाळूत आली की इंजिनाचा आवाज जड व्हायचा. मग भाच्यानं वळण घ्यायला अंगठा सैल केला आणि ती मेली. हळूहळू, आचके देत. हेसुद्धा नोंदवण्यासारखं. करंट गेला की इंजिन बटण दाबल्यासारखं झटकन बंद पडतं. पेट्रोल संपत आलं की ती ओढ घेते, डोलते, मग जाते. ही मात्र रेस असेपर्यंत ठीक होती आणि रेस गेल्यावर तिला स्वतःचा श्वास पुरेना.

पहिली दोन मिनिटं मोलाची. जादा प्लग प्लगच्या वायरीच्या टोपीत खोचला, त्याचं लोखंड हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पात्याला टेकवलं, भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी, टचटचीत. इंजिनातला प्लग मी मुद्दाम काढला नाही. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना प्लग काढायला गेलं तर आटे हातात येतात. शिवाय प्लगचं भोक उघडं, त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर, आणि शेजारी ठिणगी, हा खेळ नको. मग कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल केला. बाटलीत पेट्रोल धारेनं आलं, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी नाक नेलं, तर कच्च्या पेट्रोलचा वास. म्हणजे पेट्रोल आत जातंय, करंट आहे, आणि तरी जळत नाही.

‘पुन्हा सेल्फ मार,’ म्हटलं, आणि या वेळी काही न बघता नुसतं ऐकलं.

एका सिलिंडरचं इंजिन सेल्फवर फिरतं तेव्हा आवाज सरळ नसतो. पिस्टन वर येऊन हवा दाबतो तेव्हा मोटार अडते, दाबून झालं की सुटते, पुन्हा अडते. घुर्र-अं, घुर्र-अं असा अडखळता आवाज येतो. सकाळी घरासमोर ही गाडी तशीच बोलायची. आत्ता ती एका सुरात, सपाट, घुर्रर्रर्र फिरत होती. मोटारीला अडवणारं कुणी नव्हतं. कॉम्प्रेशन गेलं होतं. आणि अर्ध्या तासानं नारळाखाली निवल्यावर तेच बटण दाबलं, तर अडखळ परत आली.

कॉम्प्रेशन सकाळी असतं आणि दुपारी जातं, हे कसं? पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर उलट असतं, गार असताना गळती जास्त आणि तापल्यावर थोडी कमी. तापल्यावर गळणारी जागा म्हणजे व्हॉल्व्ह, सिलिंडरची वाट उघडणारी-मिटणारी झडप, त्यातही एक्झॉस्टचा. जळालेला वायू त्याच्या अंगावरून जातो, त्यामुळे इंजिनातला तो सर्वांत तापणारा भाग. तापला की त्याची दांडी लांब होते. ती लांबी सामावून घ्यायला वर रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा, आणि दांडीच्या टोकात थोडी फट ठेवलेली असते, तिलाच आपण टॅपेट सेट करणं म्हणतो. या घराण्याच्या इंजिनात ती फट साधारण ०.०५ मिलिमीटर. वहीच्या एका पानाच्या निम्मी. ही फट संपली की तापलेल्या दांडीला वर सरकायला जागा राहत नाही आणि व्हॉल्व्ह आपल्या सीटवर पूर्ण टेकत नाही. उंबऱ्यात चप्पल अडकलेलं दार लावायला जावं, तसं. भर रेसमध्ये पिस्टन इतका भराभर वर-खाली होतो की त्या चिंचोळ्या जागेतून फारसं निसटायला वेळ मिळत नाही, म्हणून गाडी चालते. रेस सोडली की फेरे कमी, निसटायला वेळ भरपूर, आणि गाडी मरते. गॅरेजवाल्यानं आयडलिंग वाढवल्यावर ती आठवडाभर का तरली, तेही यातच आलं.

आता गंमत अशी की झीज म्हणजे सैलपणा असं आपलं डोकं मानून चालतं. चप्पल झिजते, सैल होते. बेअरिंग झिजतं, खडखडतं. टॅपेटचं उलटंही होतं. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट एकमेकांवर आपटून झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर वर घुसत जातो, दांडीचं टोक रॉकरच्या जवळ येतं, फट कमी होते. वाजणारे टॅपेट सगळ्यांना ऐकू येतात आणि लोक धावत गॅरेजात येतात. घट्ट झालेले टॅपेट गप्प असतात. हंगामाच्या सुरुवातीला भाचा कौतुकानं म्हणाला होता, ‘मामा, हिचं इंजिन बघा, काहीच आवाज नाही.’ कारखान्यात एखादं यंत्र नेहमीपेक्षा शांत झालं की आम्ही आवाज वाढल्यावर जावं तितक्याच लगबगीनं तिकडे जायचो.

नुसती गाडी बंद पडण्याचा त्रास नव्हे. व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकूनच बाहेर टाकतो. तो टेकलाच नाही तर आणखी तापतो, आणखी लांबतो, आणखी उघडा राहतो, आणि शेवटी त्याची कड जळते. मग टॅपेटवर भागत नाही, हेड उतरवावं लागतं.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘काका, मला अजून पल्सर कॉइलचा संशय होता.’ संशय वाजवी होता. ठिणगी कधी पाडायची हे कळवणारी, मॅग्नेटजवळची ती बारीक कॉइल इंजिनाच्या अंगाला लागून असते. तारेवरचं इनॅमल तडकलं किंवा आत तार तुटत आली असली, तर गार असताना टोकं भिडलेली असतात आणि तापून फुगल्यावर सुटतात. कारखान्यात सोलेनॉइडच्या कॉइली अशा जाताना मी भरपूर पाहिल्यात. पण मीटर लावताना एक लक्षात ठेवावं लागतं. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतोच, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. गार असताना १५० ओहम दाखवणारी धडधाकट कॉइल ८० अंशांनी तापली तर २०० च्या आसपास दाखवणारच. हा आकडा बघून चांगल्या कॉइली फेकून देणारे मी पाहिलेत. फेकायची ती, जी तापल्यावर मीटरवर काहीच दाखवत नाही. आमच्या बाबतीत तापलेल्या गाडीत निळी ठिणगी डोळ्यांसमोर पडली होती, त्यामुळे मीटर काढायची वेळच आली नाही.

टॅपेट मात्र पूर्ण गार इंजिनावरच बघायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे, पर्यटक झोपलेले असताना, गॅरेजवाला स्वतः आला. मॅग्नेटच्या झाकणातून ‘टी’ची खूण रेघेशी जुळवली, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणला. अशा वेळी दोन्ही रॉकर बोटानं हलवले तर किंचित टकटकले पाहिजेत. इनटेकचा हलला. एक्झॉस्टचा दगडासारखा. फिलर गेजमधली, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांतली, सगळ्यांत पातळ पट्टी त्यानं फटीशी धरली, ती वाकली, आत शिरेना. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पाना मागितला. चेकनट सैल करून स्क्रू उलटा घेतला, पट्टी आत सरकवली, ती ओढताना अंगाला हलकी घासली पाहिजे इतकं ठेवून नट आवळला. नट आवळताना स्क्रू जरा फिरतोच, म्हणून पुन्हा पट्टी घालून बघितली, पुन्हा सैल करून पुन्हा आवळला. आयडलिंगचा स्क्रूही मूळ जागी आणला. सेल्फ मारला, आणि इंजिनातून एक बारीक टिकटिक ऐकू यायला लागली.

‘आवाज करतेय की,’ भाचा म्हणाला.

‘करू दे,’ आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं.

हंगाम तिनं काढला. काढलेली कॉइल आणि सीडीआय भाच्यानं स्पेअर म्हणून डब्यात ठेवलेत, गॅरेजवाल्यानं एका सर्व्हिसिंगचे पैसे घेतले नाहीत. जूनला गाड्या शेडमध्ये गेल्या, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सांडून टाकलं, आणि मी पुन्हा टॅपेट बघितले. एक्झॉस्टची फट हंगामभरात निम्मी झाली होती. याचा अर्थ सीट अजून झिजतेय, आणि स्क्रू फिरवणं हा फार दिवसांचा इलाज नाही. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासायला हवा, कड जळली असेल तर बदलायलाच हवा. भाच्याला मी तसं सांगितलं. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललंय. दिवेआगरकडच्या कुणाला तरी ही गाडी हवी आहे, तो पुढच्या आठवड्यात बघायला येणार. मी म्हटलं, आधी हेडचं काम कर आणि मग विक, नाहीतर निदान त्याला खरं सांग. भाचा म्हणतो, सांगतो की, पण त्यापेक्षा मामा, तेवढी टिकटिक बंद करून देता का, घेणारे आधी आवाजच ऐकतात.